पेल्याला घाम कुठून आला? (विज्ञानाच्या तासाला भेटणारे पक्के गैरसमज)

खडूची_भुकटी | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, सतरा वर्षं झाली. हा धागा काढायला एक स्टीलचा पेला कारणीभूत आहे.

उन्हाळी जादा तासांना आठवीची पोरं आहेत. परवा संघनन, म्हणजे बाष्पाचं पाणी होणं, घेत होतो. पेल्यात बर्फ टाकला, पाच मिनिटांत बाहेरून थेंब धरले. विचारलं, "हे पाणी कुठून आलं?" तीन-चार जणांनी लगेच म्हणून दाखवलं, "हवेतल्या बाष्पाचं संघनन झालं." आजवर इथे शाबासकी देऊन मी पुढे सरकत आलोय. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, "चाचणी नाहीये. घरी आजीनं विचारलं तर तिला काय सांगाल?"

मिनिटभर कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पाझरलंय."

"स्टीलमधून?"

"माठातून पाझरतं की."

निम्म्याहून जास्त माना हलल्या. मघाशी 'संघनन' म्हणणाऱ्यांतल्या दोनसुद्धा!

मग मी हुशारी करायला गेलो. पेल्यातल्या पाण्यात लाल शाई टाकली. बाहेर आलेले थेंब स्वच्छ, पांढऱ्या रुमालाला लावून दाखवले. मोठ्या विजयी मुद्रेनं वर्गाकडे पाहिलं. तोच मुलगा शांतपणे म्हणाला, "रंग आत राहिला सर. पाणी गाळून आलं."

आता ह्यावर काय बोलणार? त्याच्याकडे एक सिद्धांत आहे, तो रोजच्या पाहण्यातून आलाय, आणि माझा पुरावा त्यानं त्यात आरामात बसवला. गढूळ पाणी माठात भरलं तरी बाहेरचा ओलावा नितळच असतो, हे त्यानं पाहिलेलं आहे. मी 'चूक' म्हणायला तोंड उघडलं आणि तास संपला. वाचलो.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा आहे. सतरा वर्षांत किती पोरांनी 'संघनन' लिहून दोन गुण घेतले असतील आणि पाझरणारा पेला मनात तसाच ठेवला असेल?

तुम्हाला असे कुठले गैरसमज भेटले? मुलाच्या डोक्यात आहे हे कळलं कसं? आणि काढलात कसा? नुसतं सांगून जात नाही एवढं मला कळलंय. पालकांनी आणि शाळा सोडून जमाना झालेल्यांनीही लिहा.

---

पडवीतली | १२ जून, रात्री १०:१५

सर, त्या मुलाला माझ्यातर्फे एक हापूस. (आता शेवटचे राहिलेत, लवकर कळवा.)

मी रत्नागिरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत, चौथी-पाचवीला. माझ्याकडे ह्याच पेल्याची दोन उत्तरं येतात. एक तुमचं, पाझरल्याचं. दुसरं, "बर्फाची थंडी बाहेर आली आणि तिचं पाणी झालं." थंडी ही काहीतरी वस्तू आहे, ती आतून बाहेर येते, असं. दोन्ही मुलांना एकच प्रयोग दाखवून भागत नाही. रंगीत पाण्यानं पाझरणारा थोडा तरी डळमळेल, थंडीवाल्याला काय फरक पडतो? त्याचं पाणी आतलं नव्हतंच मुळी. म्हणून आधी कोण कुठल्या गटातला ते काढावं लागतं.

शाई सोडा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, आतून कोरडा पुसा, झाकण लावून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी वर्गात आणा. आत पाणीच नाही तर गाळणार काय?

आणि एक कराच. डबा बाहेर काढण्याआधी प्रत्येकाला वहीत लिहायला लावा, काय होईल आणि का होईल. पेननं, खोडायचं नाही. हे नाही केलं तर थेंब दिसल्यावर सगळा वर्ग म्हणतो, "आम्हाला माहीतच होतं बाई." खोटं नाही बोलत ती, त्यांना खरंच तसं वाटतं.

---

शंकेखोर | १२ जून, रात्री ११:०२

वाचायला छान आहे सगळं. माझ्या वर्गात ६४ मुलं, ३५ मिनिटांचा तास, त्यातली सात मिनिटं हजेरीत. वर निवडणुकीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. ६४ जणांच्या आज्यांना काय सांगायचं ते मी कधी विचारू? पेपरात 'संघनन' लिहिलं की गुण मिळतात, पालक खूश, मुख्याध्यापक खूश. आपला हा छंद फार तर वीस मुलांच्या वर्गात परवडणारा.

---

संत्रानगरी | १३ जून, सकाळी ७:२०

शंकेखोर सर, तुमची ६४ मुलं पुढे माझ्याकडेच येतात. नागपुरात महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाला दरवर्षी एकच प्रश्न टाकते: चेंडू सरळ वर फेकला. हात सुटल्यावर, तो वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत? हवेचा विरोध सोडून द्या.

बारावीला ऐंशी-नव्वद टक्के घेतलेली मुलं बाण काढतात दोन. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. एक वर, 'हाताचं बल'. विचारलं की सांगतात, हातानं दिलेला जोर चेंडूत असतो, तो हळूहळू संपतो, संपला की चेंडू खाली येतो. ह्याच मुलांनी न्यूटनचे तीनही नियम अक्षरशः घोकलेले असतात आणि त्यावरची गणितं बिनचूक सोडवलेली असतात.

चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये बुरिदान नावाचा विद्वान जवळपास हेच म्हणत होता, की फेकणारा वस्तूत एक जोर भरतो. ॲरिस्टॉटलच्या मानानं ती प्रगतीच होती. म्हणजे आपली पोरं ढ नाहीत. माणसाच्या बुद्धीला ह्या टप्प्यावरून पुढे जायला काही शतकं लागली, आपण ते दोन तासिकांत उरकतो.

खडूची_भुकटी, तुमचा आजीचा प्रश्न वाचून मी चमकलेच. १९९२ साली हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर ह्या अमेरिकन मंडळींनी बलाच्या संकल्पनांवर एक प्रश्नसंच छापला. गणित शून्य, सगळे पर्यायी प्रश्न. गंमत अशी की त्यातले चुकीचे पर्याय मुलांच्याच तोंडच्या समजुतींवरून घेतलेले. हार्वर्डच्या एरिक माझूर ह्यांनी तशी चाचणी आपल्या वर्गाला दिली तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, की उत्तर कसं लिहू, तुम्ही शिकवलं त्याप्रमाणे की मला वाटतं त्याप्रमाणे? तुमच्या आठवीत घडलं ते हेच.

आणि वेळेचं म्हणाल तर ६४ जणांची मुलाखत घ्यायची गरज नाही. एक पर्यायी प्रश्न, त्याखाली 'कारण' म्हणून दुसरा पर्यायी प्रश्न. कारणाचे पर्याय मुलांनीच आधी दिलेल्या उत्तरांतून घ्यायचे. ऑस्ट्रेलियातल्या ट्रेगस्ट ह्यांनी १९८८ मध्ये ही दुमजली पद्धत नीट मांडली. पाच मिनिटांत होतं, हात वर करून मोजलं तरी चालतं. उत्तर बरोबर आणि कारण चूक अशी मुलं किती निघतात ते एकदा बघाच.

---

आजोळची_गोधडी | १३ जून, सकाळी ९:४८

माझ्या आयडीचा विषय निघायलाच हवा. मुलीच्या शाळेत विचारलं होतं, बर्फाचा एक खडा ताटलीत आणि एक गोधडीत गुंडाळून ठेवला तर आधी कोणता वितळेल? पोरगी ठामपणे, "गोधडीतला. गोधडी गरम असते." मी तिला फाटकाबाहेर नेलं. गोळेवाला बर्फाची लादी कशात ठेवतो, तर भुशात आणि गोणपाटात. रोज बघते ती! पण गोळेवाल्याचं गोणपाट आणि विज्ञानातली गोधडी ह्यांची तिच्या डोक्यात ओळखच झालेली नव्हती.

भाषा पण नडते हो. आपण म्हणतो 'गोधडी ऊब देते'. देते कुठली, आपलीच आपल्याला परत करते. तसंच पपई उष्ण, ताक थंड, मेथी उष्ण. गरमागरम ताकाची कढीसुद्धा आमच्या आईच्या मते 'थंड'. ह्या वातावरणात वाढलेल्या मुलानं उष्णता आणि तापमान ह्यांतला फरक एका व्याख्येत समजून घ्यायचा म्हणजे धन्य आहे.

---

शंकेखोर | १३ जून, दुपारी १:३०

काल जरा तिरकस लिहिलं. आता एक कबुली.

दोन वर्षांपूर्वी दहावीला विद्युतधारा. मी सांगितलं, परिपथात जेवढी धारा बल्बमध्ये शिरते तेवढीच बाहेर पडते, बल्ब धारा 'खात' नाही. एक मुलगी उभी राहिली, "मग सर, बिल कशाचं येतं?" वर्ग हसला. मी "बस खाली" म्हणालो. कारण सरळ आहे, मला उत्तर सुचलं नव्हतं. ऊर्जा वगैरे पुटपुटलो, पण तिचं समाधान झालं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अजून आठवतं.

---

ओहम_नव्हे | १३ जून, सायंकाळी ६:१०

शंकेखोर, त्या मुलीला वीज मंडळात घ्यायला हवं होतं. मी तिथूनच निवृत्त झालो.

पहिलं म्हणजे पुरावा. हल्ली घरोघरी आरसीसीबी बसवतात, बरेच लोक सवयीनं ईएलसीबी म्हणतात. ते काय करतं? फेजमधून गेलेली धारा आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा ह्यांची सतत तुलना. घरगुती उपकरणात साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते पडतं, कारण तेवढी धारा वाट सोडून कुठेतरी, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत चाललीय. आता बल्ब, पंखा, मिक्सर धारा खात असते तर बटण दाबताक्षणी ते पडलं असतं आणि घरात कधी उजेडच पडला नसता. मुलांना बोर्डावरचं ते खटक्याचं उपकरण दाखवा आणि हाच प्रश्न टाका.

दुसरं, बिल. ताक घुसळताना रवीची दोरी बघितलीय ना? पुढे, मागे, पुढे, मागे. दोरी जेवढी जाते तेवढी परत येते, तसूभर खर्च होत नाही. तरी लोणी निघतं आणि घुसळणाऱ्या बाईचे दंड दुखतात. बिल दोरीचं नाही, दंडाचं. १००० वॅटचा हीटर तासभर चालला की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेवढी ऊर्जा वीज केंद्रातल्या कोळशानं किंवा कोयनेच्या पाण्यानं दिली, दोरी ओढून. आणि आपल्या घरातली वीज अशीच मागेपुढे होणारी आहे, सेकंदाला ५० वेळा, म्हणून रवीचा दाखला मला पाटाच्या पाण्यापेक्षा बरा वाटतो. टॉर्चच्या सेलसाठी पिठाच्या गिरणीचा पट्टा घ्या, तो एकाच दिशेनं फिरतो.

---

संत्रानगरी | १३ जून, सायंकाळी ७:४४

काका, रवी मी उद्यापासून वापरणार. एकच पुरवणी: दाखला दिला की तो कुठे तुटतो हेही मुलांनाच शोधायला लावा. नाहीतर पुढच्या वर्षी माझ्याकडे 'तारेत दोरी असते' म्हणणारी येतील.

---

वारणाकाठ | १४ जून, सकाळी ६:०५

शिक्षक नाही, ऊसवाला आहे. दहावी ब.

आमच्याकडे सगळेच म्हणतात खत म्हणजे पिकाचं जेवण. 'लागणीला डोस दिला' म्हणतात. पोराच्या पुस्तकात बघितलं तर लिहिलंय झाड स्वतःचं अन्न पानात तयार करतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून. पोरगा म्हणाला हे पेपरापुरतं. मी पण मान हलवली. नंतर बांधावर बसल्यावर वाटलं, थांब. माझ्या रानातून एकरी चाळीस टन ऊस दरसाल गाडीत भरून जातो. तीस वर्षं. तो सगळा मातीतून आला असता तर रानात एव्हाना विहिरीएवढा खड्डा नको का पडायला? खत टाकतो ती पोती किती, दहा-पंधरा. पाणी देतो ते खरं, उसात पाणीच जास्त. पण वाळलेलं चिपाडपण काही थोडं नसतं. ते कुठनं आलं?

म्हणजे हवेतनं आलं म्हणायचं. अजून पूर्ण पटत नाही. हवेला असं वजन असतंय काय?

---

संत्रानगरी | १४ जून, सकाळी ८:३०

वारणाकाठ, दहावी ब नाही हो, तुम्ही फान हेल्मोंट आहात.

हा बेल्जियमकडचा माणूस. त्यानं कुंडीत साधारण ९० किलो वाळवलेली माती तोलून घातली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड सुमारे ७६ किलोचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम ५५-६० ग्रॅम कमी. हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापलं गेलं. तुमचा खड्डा आणि त्याची कुंडी हा एकच युक्तिवाद आहे.

मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. मातीतून नाही हे सिद्ध केल्यावर त्यानं ठरवलं की झाड सगळं पाण्याचंच बनलंय. हवेकडे त्याचं लक्षच गेलं नाही. तुम्ही अडलात त्याच जागी तोही अडला. 'हवा म्हणजे काहीच नाही' हा गैरसमज काढल्याशिवाय 'झाड मातीतून जेवतं' हा निघत नाही, एक दुसऱ्याला धरून उभा असतो. हवेला वजन आहे. एक घनमीटर हवा, म्हणजे साधारण मोठ्या कपाटाएवढी जागा, एक किलोच्या थोडी वरच भरते. त्यात कार्बन डायऑक्साइड शेकडा ०.०४ च्या आसपास. थोडा आहे, पण तुमच्या रानावरून वारा दिवसभर वाहतोय.

---

वारणाकाठ | १४ जून, सकाळी ८:५२

किलो? एवढी? आता पोराला उठवतो.

---

परीक्षानळी | १४ जून, रात्री ९:२०

प्रयोगशाळा सहायक आहे. शिक्षक मंडळी गोड मानून घ्या, पण काही गैरसमज आपल्याच टेबलावर तयार होतात.

बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं. सर सांगतात, ऑक्सिजन जळून संपला, हवेत तो एक पंचमांश असतो म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. बावीस वर्षं मी ही मांडणी करून देतोय. बशा धुणाऱ्याला जे दिसतं ते सांगतो. ज्योत जळत असताना पाणी फारसं चढत नाही. विझल्या-विझल्या झपकन चढतं. ऑक्सिजन ज्योतीनं खाल्ला असता तर पाणी जळता-जळता चढायला नको? दुसरं, एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर त्याच ग्लासात पाणी जास्त चढतं. तीन लावल्यानं हवेतला ऑक्सिजन वाढतो का? आणि ग्लास पालथा घालताना कधीकधी कडेनं बुडबुडे निघतात.

मग एका तरुण सरांनी समजावलं. ज्योतीनं ग्लासातली हवा तापून फुगते, थोडी बाहेर जाते. ज्योत गेली की हवा गार होऊन आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. मेणबत्ती विझते तेव्हा आत ऑक्सिजन बराच शिल्लक असतो, आणि जळलेल्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलेला असतो. एक पंचमांश हा आकडा हवेपुरता खरा, पण ह्या प्रयोगातून तो निघत नाही. आपण ग्लासावर खूण आधी करतो आणि पाणी तिथपर्यंत आलं की टाळ्या वाजवतो. नाही आलं तर सहायकानं ग्लास नीट धरला नाही.

---

पडवीतली | १४ जून, रात्री ९:४१

शेवटच्या वाक्याला पूर्ण शाळेतर्फे माफी. 🙏

---

अर्धचंद्र | १५ जून, दुपारी १२:१५

हौशी आकाशनिरीक्षक. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा (आणि त्यांच्या बाबांचा) हमखास गैरसमज म्हणजे चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. त्यात ग्रहण मिसळलेलं असतं.

फळ्यावरच्या आकृतीनं हा जात नाही, उलट पक्का होतो, कारण आकृतीत सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत वहीच्या पानावर बसवलेले असतात. त्यापेक्षा वद्य अष्टमीच्या सकाळी परिपाठाला मुलांना मैदानात उभं करा. सकाळची शाळा असेल तर अर्धा चंद्र पश्चिमेकडे कललेला स्पष्ट दिसतो आणि सूर्य पूर्वेला. दोघंही एकाच वेळी डोक्यावरच्या आकाशात, आणि पृथ्वी आपल्या पायाखाली. तिची सावली चंद्रावर जाणार कुठून? मग प्रत्येकाच्या हातात एक मोसंबं द्या आणि ते चंद्राच्या दिशेनं, उन्हातच, हात लांब करून धरायला सांगा. मोसंब्याचा जेवढा आणि ज्या बाजूचा भाग उजळलाय, तेवढाच आणि त्याच बाजूचा चंद्राचा. मुलं किंचाळतात.

घरचा अभ्यास पण सोपा आहे. कालनिर्णयात संकष्टीचा चंद्रोदय दिलेला असतो, साधारण रात्री आठ ते दहाच्या मध्ये. आई उपाशी का ताटकळते, हा खगोलशास्त्राचा प्रश्न आहे! पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, नंतर रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. चतुर्थीपर्यंत किती झाले, मुलांनाच मोजू द्या.

ऋतूंचं पण लिहिणार होतो, थोडक्यात सांगतो. 'उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो' हे बहुतेकांना वाटतं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाख. एवढं सांगून आपण थांबलो तर मुलं गप्प बसतात, पटत नाही. महाराष्ट्रात शून्य सावलीचा दिवस पाळा. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६, नागपुरात २६ च्या सुमारास. भर दुपारी खांबाची सावली पायात गायब होते आणि 'किरण लंबरूप पडतात' ह्या वाक्याला अर्थ येतो. पुस्तकातला जून-डिसेंबरचा हिशेब आपल्याकडे मुलांना खटकतो तो पावसामुळे. जूनमध्ये दिवस सर्वांत मोठा, पण गार तर झालेलं असतं. ही त्यांची शंका बरोबर आहे, तिला 'गप्प बस' म्हणू नका.

---

नर्मदाकाठ | १५ जून, रात्री १०:३३

मध्य प्रदेशातला मराठी माणूस. लहानपणी आमच्या होशंगाबादला (आता नर्मदापुरम म्हणायचं) 'होविशिका' चालायचं, होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झालं, पुढे एकलव्य संस्थेनं वाढवलं, २००२ मध्ये सरकारनं बंद केलं. आमच्या पुस्तकात उत्तरंच नसायची, प्रश्न आणि प्रयोग. उत्तर आम्ही करून, भांडून वहीत लिहायचं. परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवून बसायचो. पाठांतर करून काय लिहिणार, पाठ करायला काही नव्हतंच. शंकेखोर सर म्हणतात ते खरं आहे, पेपर तसाच राहिला तर शिक्षक बिचारा एकटा किती ओढणार. तिथे पेपर बदलला होता.

---

खडूची_भुकटी | १९ जून, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

शाळेत फ्रीझर नाही. नाक्यावरच्या आइसक्रीमच्या दुकानात डबा ठेवायला गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, रिकामाच ठेवायचाय? मग मिळणार काय?" म्हटलं, उद्या सांगतो.

आज सकाळी आधी वह्या. पेननं. आमच्या माठवाल्या गड्यानं लिहिलं: 'काही होणार नाही. कारण आत पाणी नाही.' दोन वाक्यांत किती स्वच्छ विचार! थंडीवालेही निघाले, पडवीतली ताई, सात-आठ जण. 'संघनन' लिहिणाऱ्यांपैकी एकीनं कारणाच्या जागी 'कारण तसंच असतं' लिहिलंय.

डबा टेबलावर ठेवला. आधी बुरशीसारखा पांढरा थर चढला, मग तो वितळून थेंब, मग ओघळ. वर्ग चिडीचूप. तो उठून आला, डबा उचलून खालून-वरून पाहिला, नखानं टिचकी मारली. मग विचारलं, "उघडू?" झाकण काढलं, आत बोट फिरवलं. कोरडं. आणि त्याच्या डोळ्यांदेखत आतली बाजूही धुरकट होऊन ओली व्हायला लागली. हे माझ्या मांडणीत नव्हतं. तो ओरडलाच, "सर, आतपण येतंय! बाहेरचं आत येतंय!"

थंडीवाले अजून हललेले नाहीत. त्यांचं म्हणणं, डब्यात थंडी होतीच की. त्यांच्यासाठी काहीतरी शोधतोय. थंड डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीतली हवा दाबून काढून, तोंड बांधलं तर? थंडी तीच, हवा नाही. थेंब पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतील, आत डबा कोरडा राहील असं वाटतं. करून बघतो.

पण खरी गोष्ट पुढेच. मधल्या सुट्टीत तो शिक्षकखोलीच्या दारात. "सर, मग माठाच्या बाहेरचं पाणी कुणाचं? आतलं का हवेतलं?"

मी सांगणार होतो. तोंडावर आलेलं उत्तर गिळलं.

---

पडवीतली | १९ जून, रात्री ९:०५

गिळलंत ते उत्तम केलंत. माठ तोला! हवेतलं येत असेल तर वाढेल, आतलं जात असेल तर घटेल. खाली ठिबकलेलं पाणी काट्यावरच राहू दे, पुसू नका.

---

शंकेखोर | १९ जून, रात्री ९:३०

दोघंही होत असतील तर? पावसाळी हवा आहे.

(आणि हो. दुमजली प्रश्न टाकला परवा, गोधडीचा. ६४ कागद घरी घेऊन आलोय. बायको विचारतेय कसले पेपर, अजून तर चाचणी नाही झाली.)

---

खडूची_भुकटी | १९ जून, रात्री ९:५८

शंकेखोर सर, हा प्रश्न उद्या तुमच्या नावानं वर्गात टाकतो.

किराणावाल्याचा काटा मिळालाय, शनिवारी सकाळी शाळा भरेपर्यंत. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचे अंदाज लिहून घेणार, माठ काट्यावर चढवणार, आकडा फळ्यावर आणि वर्गाला कुलूप. किल्ली त्यानंच मागून घेतलीय.

---

परीक्षानळी | १९ जून, रात्री १०:१२

काटा सपाट जागी ठेवा. आणि माठ आधी दोन दिवस भरून मुरवा, नवा असेल तर तो स्वतःच पाणी पितो.